घरी कुत्री व्याली का पिल्लांचे आजार दारातच कसे अडवायचे

आपल्या विदर्भात आता गावोगावी लॅब्रेडॉर अन् जर्मन शेफर्ड झाले, कोणी वावरात राखणीला आणते, कोणी हौसेनं, अन् एखादी मादी चांगली निघाली का पिल्लं काढून विकायचा विचार येतेच. पैसे भेटतात, खोटं कशाला बोला. पण बरेच जण एकच गोष्ट विचारून राहिले का भाऊ, आठ पिल्लं झाली होती, चांगली गुबगुबीत होती, दीड-दोन महिन्यांत निम्मी गेली, खुराकात काही कमी पडलं का? मी तं म्हणतो खुराक नंतर पाहा, आधी हे सांगा का त्या दीड महिन्यात पिल्लांजवळ कोण कोण येऊन गेलं. बहुतेक वेळा उत्तर तिथंच सापडते.

गावात पिल्लं झाली हे काही लपत नाही. शाळा सुटली का पोट्टे येतात, शेजारच्या काकू येतात, पाहुणे आले का त्यांनाही आपणच कौतुकानं दाखवतो, अन् घेणारा जो येते तो तं सकाळपासून अजून दोन-तीन ठिकाणची पिल्लं हाताळून, त्याच चपला घालून, तुमच्या दारात उभा राहते. आता पार्वो काय आहे ते समजून घ्या. पिल्लांना उलट्या अन् रक्ताची हगवण लावणारा हा व्हायरस आजारी कुत्र्याच्या संडासातून पडते, डोळ्याला दिसत नाही एवढी घाण चपलेच्या तळाला लागली तरी पुरते, अन् मातीत, फरशीच्या फटीत तो महिनोन्‌महिने, सावलीच्या ओलसर जागेत तं वर्षभर सुद्धा जिवंत राहते. म्हणजे तुमच्या घरी आजारी कुत्रं कधी आलंच नाही तरी पार्वो येऊ शकते. पिल्लाच्या पोटात गेल्यावर साधारण तीन ते सात दिवसांत लक्षणं दिसतात, त्यामुळं कोणामुळं आलं हे तोवर कोणाला आठवतही नाही.

म्हणून पहिलं काम हे का पिल्लांची खोली वेगळी करा. वेगळी खोली नसेल तं मागच्या पडवीत जाळी लावून एक भाग अडवा, पण रस्त्यावरून येणारा माणूस सरळ तिथं पोचला नाही पाहिजे. त्या खोलीची चप्पल वेगळी, ती तिथंच राहील, अन् आत जायच्या आधी हात साबणानं धुवायचे. हे घरच्यांना पण लागू, नाही तं पाहुण्यांना अडवता अन् स्वतः आठवडी बाजारातून, मटण मार्केटमधून, गोठ्यातून तसेच आत घुसता, काय फायदा? काही जण दारात जंतुनाशक टाकलेलं घमेलं ठेवतात पाय बुडवायला, ठीक आहे, पण चिखलाची चप्पल त्यात बुडवली का पाच मिनिटांत ते पाणी नुसतं गढूळ पाणी उरते. त्यापेक्षा चप्पल बदलणं सोपं अन् खात्रीचं.

आता खरी अडचण माणसांची आहे. सोयरे आले, गावचे मोठे लोक आले, त्यांना तोंडावर नाही कसं म्हणावं? सोपं आहे, "कुत्री चावते, पिल्लाजवळ कोणाला येऊ देत नाही" असं सांगा, यावर कोणी वाईट वाटून घेत नाही, अन् ते बरंचसं खरंच असते, नवी व्यालेली मादी परक्याला खरंच चावते. मोबाईलवर व्हिडिओ दाखवा. गिऱ्हाईकाला ओट्यावर बसवा, चहा पाजा, जाळीबाहेरून पिल्लं दाखवा, अन् घ्यायचं पक्कं झालं तं हातपाय धुवून, चप्पल बाहेर काढून एकच पिल्लू हातात द्या, जमिनीवर त्यांच्या चपलेजवळ सोडू नका. जो यावर चिडते तो पिल्लू नेऊन पण नीट ठेवणार नाही, जाऊ द्या त्याला.

गावातली मोकाट कुत्री पण यातच आली. आपला नर दिवसभर गावात अन् वावरात फिरून येते, त्याचे पाय, तोंड, सगळं बाहेरचं. त्याला पिल्लांपासून लांब बांधा. नवीन कुत्रं विकत आणलं असेल तं निदान दोन आठवडे वेगळं ठेवा, अन् रोजचं काम करताना आधी पिल्लांचं करायचं, मंग मोठ्या कुत्र्यांचं, कोणी आजारी असेल तं त्याचं सगळ्यात शेवटी. क्रम उलटा केला का आपणच आजार वाहून नेतो.

फिनाईलचा भरवसा ठेवू नका

आपल्याकडं वास आला म्हणजे स्वच्छ झालं असं समजतात. फिनाईलनं पार्वो मरेल याचा काही भरवसा नाही, डेटॉलनं नाही, हाताला लावायच्या सॅनिटायझरनं पण नाही. त्याला ब्लीच लागते. दुकानात जे पातळ ब्लीच भेटते, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट साधारण पाच टक्क्याचं, त्याचा एक भाग अन् पाणी तीस भाग, हे फरशीवर टाकून निदान दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं. ते नाही भेटलं तं ग्रामपंचायतीत विहिरीत टाकायला टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर येते ना, ती पण चालते, ताजी असेल तं एक लिटर पाण्यात एक छोटा चमचा, गाळ खाली बसू द्या अन् वरचं पाणी वापरा. जुनी, डबा उघडा राहिलेली पावडर असेल तं तिचा जोर गेलेला असते.

यात दोन गोष्टी लोक विसरतात. एक तं आधी साबणाच्या पाण्यानं घासून घाण काढून टाकायची, कारण शेण, माती, संडास असलं का ब्लीच त्याच्यावरच खर्च होऊन जाते अन् व्हायरसपर्यंत पोचतच नाही. म्हणूनच शेणानं सारवलेल्या जमिनीवर पिल्लं ठेवू नका, ती जमीन कितीही चांगली दिसली तरी तिचं निर्जंतुकीकरण होत नाही, कोबा किंवा शहाबादी फरशी पाहिजे. दुसरं, ब्लीच अन् फिनाईल किंवा बाथरूमचं ॲसिड एकत्र करायचं नाही, ॲसिडमध्ये ब्लीच पडलं तं विषारी वायू निघते. पिल्लं बाहेर काढायची, धुवायचं, दार-खिडकी उघडी ठेवून पूर्ण सुकलं का मंगच परत आत.

ज्या घरात पार्वोनं पिल्लं गेली त्या अंगणात लगेच दुसरं पिल्लू आणू नका. मातीचं अंगण ब्लीचनं धुता येत नाही, आपल्या उन्हाचा फायदा होते पण झाडाखालची, पाणी सांडते तिथली जागा लय दिवस धोक्याची राहते.

लसीचं गणित

हे नीट वाचा, कारण "दोन इंजेक्शन दिले होते तरी मेलं" हे इथूनच येते. पिल्लू जन्मलं का पहिल्या चोवीस तासांत आईचं चिकाचं दूध पोटात गेलं पाहिजे, त्यातून आईची रोगाशी लढायची ताकद पिल्लात उतरते, अन् दिवस उलटला का पिल्लाचं आतडं ती ताकद शोषून घेणं जवळपास बंद करते. आठ पिल्लांत एखादं कमजोर असते, त्याला बाकीचे ढकलून देतात, त्याला हातानं धरून सडाला लावा. पण आईचीच लस झाली नसेल तं चिकात काय येणार? म्हणून मादीची लस तिला नराला दाखवायच्या आधी, म्हणजे माजावर येण्याआधीच पूर्ण पाहिजे. गाभण असताना टोचून आणू म्हणाल तं तसं करू नका.

आता गंमत अशी का ही आईकडून आलेली ताकद पिल्लाच्या अंगात आहे तोवर ती लसीलाच मारून टाकते, लस लागतच नाही. अन् ती ताकद कमी होते सहाव्या ते सोळाव्या आठवड्याच्या मधात, कोणाची लवकर, कोणाची उशिरा, एकाच आईच्या पिल्लांत सुद्धा फरक राहते. मधात असे काही दिवस येतात का आईची ताकद रोग अडवायला पुरत नाही पण लस हाणून पाडायला पुरते. पार्वो नेमका त्या दिवसांत धरते. म्हणून एक लस देऊन भागत नाही, सहा ते आठ आठवड्यांत पहिली, मंग दर तीन-चार आठवड्यांनी पुढची, अन् शेवटची सोळा आठवडे झाल्यावर. आपल्याकडं साधारण पंचेचाळीस दिवसाला पहिली देतात, पुढं पार्वो, डिस्टेंपर, कावीळ, लेप्टो (उंदराच्या मुतातून येणारा आजार) असं एकत्र इंजेक्शन येते, अन् तीन महिन्याला रेबीज. मधात कितीही बरं वाटलं तरी सोळा आठवड्यांपर्यंत पिल्लू गावाच्या रस्त्यावर सोडायचं नाही.

लस कुठून आणता हे पण महत्त्वाचं आहे. तिला दोन ते आठ डिग्रीत ठेवावं लागते. तालुक्याला नाही भेटली म्हणून कोणी नागपूर-अमरावतीहून एसटीनं पिशवीत घालून आणते, मे महिन्यात, अन् घरी आल्यावर फ्रीजमध्ये ठेवते ज्यात रोज लोडशेडिंग. त्या इंजेक्शनमध्ये पाण्याशिवाय काही उरत नाही. आणायचीच असेल तं थर्मासमध्ये बर्फ, बर्फ अन् बाटलीच्या मधात कापड, बाटली गोठली नाही पाहिजे. त्यापेक्षा सगळी पिल्लं टोपल्यात घालून डॉक्टरकडं न्या, पण दवाखान्यात जमिनीवर अन् टेबलावर ठेवायचं नाही, आपलं कापड घेऊन जा, नंबर येईस्तोवर गाडीतच बसा. दवाखान्यातच आजारी कुत्री येतात ना. बाटलीवरचं स्टिकर कार्डावर लावून घ्या.

डिस्टेंपर बद्दल जास्त लिहीत नाही, डोळ्या-नाकातून चिकट पाणी, खोकला, ताप, अन् पुढं झटके, हे हवेतून पण पसरते, लस तीच आहे.

रेबीज मात्र वेगळा विषय. तीन महिन्यांच्या आत लस नाही म्हणजे तोवर पिल्लू उघडं आहे, मोकाट कुत्रं, कोल्हा, मुंगूस चावलं तं धोका आहेच. अशा पिल्लाला हाताळताना घरच्या कोणाला चावा, ओरखडा लागला तं साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं अन् त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस चालू करायची. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. "एवढंसं तं पिल्लू आहे" म्हणून सोडून देऊ नका, एकदा लक्षणं दिसली का माणूस वाचत नाही.

जंत

पिल्लू जन्मतेच जंत घेऊन. गोल जंताच्या अळ्या आईच्या अंगात दबून राहतात अन् पोटातच नाळेतून पिल्लात जातात, आकडेकृमी दुधातून येतात. त्यामुळं "अजून बाहेरचं काही खाल्लं नाही, जंत कुठून येतील" हे खरं नाही. पोट फुगलेलं, बाकी अंग वाळलेलं, केस निस्तेज, हे जंताचं. अन् हिरड्या पांढऱ्या दिसल्या का समजा आकडेकृमी रक्त पिऊन राहिले, यात लहान पिल्लू दोन-चार दिवसांत जाऊ शकते. दोन आठवड्यांचं झालं का पहिला डोस, मंग चौथ्या, सहाव्या, आठव्या आठवड्याला, अन् आईला पण सोबत. डोस वजनावर असते, अंदाजानं झाकण भरून पाजू नका, डॉक्टरला वजन सांगा. बकऱ्यांसाठी आणलेलं औषध थोडं थोडं वाटून देणारे पाहिले आहेत, अन् गायीचं आयव्हरमेक्टिन टोचणारे पण. ते लहान पिल्लाला झेपत नाही, कोली जातीच्या कुत्र्याला तं मोठ्या वयातही जीवघेणं ठरते.

संडास रोजच्या रोज उचला. ताज्या संडासातली गोल जंताची अंडी लगेच लागत नाहीत, त्यांना मातीत दोन-तीन आठवडे लागतात, त्याआधी उचललं का काम झालं. हे अंगणात खेळणाऱ्या लेकरांसाठी पण आहे, हेच जंत माणसाच्या पोट्ट्याच्या डोळ्यापर्यंत जाऊ शकतात. उचललेलं उकिरड्यावर फेकू नका, खड्ड्यात पुरा.

ऊन, थंडी अन् वजनकाटा

पहिल्या आठवड्यात पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, त्याला कुडकुडता पण येत नाही. त्याच्या जागेला साधारण तीस डिग्री पाहिजे, महिनाभरात हळूहळू पंचवीसपर्यंत आणायचं. पौषाच्या रात्री आपल्याकडं पारा दहाच्या खाली जाते, तेव्हा पेटीच्या एकाच कोपऱ्यावर बल्ब लावा, सगळीकडं नाही, म्हणजे गरम झालं का पिल्लू सरकू शकते. गठ्ठा करून शांत झोपली तं ठीक, एकमेकांवर चढून रडत असली तं थंडी, अन् लांब लांब पसरून धापा टाकत असली तं गरमी. थर्मामीटरपेक्षा हे पाहणं सोपं.

उन्हाळा जास्त वाईट. अकोला, वर्धा, ब्रह्मपुरी, चंद्रपूर इथं पंचेचाळीसच्या वर जाते अन् टिनाच्या शेडमध्ये तं काही विचारू नका. कूलर लावा पण सरळ पिल्लांच्या अंगावर नाही, भिंतीवर वारा फेकून, अन् समोरची खिडकी उघडी, बंद खोलीत कूलर नुसता दमट करते. खरं सांगू, जमलं तं मादी अशी दाखवा का पिल्लं एप्रिल-मेमध्ये येणारच नाहीत. गाभण काळ त्रेसष्ट दिवसांच्या आसपास असते, हिशोब सोपा आहे.

अंथरूण म्हणून जुनं सुती लुगडं किंवा गोधडी टाका, रोज बदला, गरम पाण्यात धुवा. घरात कापूस पडला आहे म्हणून सरकीसकट कापूस पेटीत टाकू नका, सरकीत गॉसिपॉल नावाचं विष असते, बैलाला पचते पण कुत्र्यानं चघळलं तं हृदयावर जाते. बुरशी लागलेली ढेप, शेंगदाणे पण कुत्र्याच्या आवाक्यात नको, त्या बुरशीनं लिव्हर जाते.

किराणा दुकानात असते तसा छोटा डिजिटल काटा घ्या. रोज एकाच वेळी वजन, वहीत लिहा, पिल्लांच्या गळ्यात वेगवेगळ्या रंगाची लोकर बांधा, सैल, अन् दोन दिवसांनी पुन्हा सैल करा. पहिला दिवस सोडला तं वजन रोज वाढलं पाहिजे, आठ-दहा दिवसांत जन्माच्या दुप्पट झालं पाहिजे. एक दिवस वाढलं नाही तं आईचे सड पाहा, एखादा लाल, गरम, टणक आहे का. आजारी पिल्लू दिसायच्या आधी काट्यावर कळते.

थंड पडलेल्या पिल्लाला दूध पाजायचं नाही, हे सगळ्यांना उलटं वाटते. अंग थंड असलं का पोट चालत नाही, दूध तिथंच सडते. आधी स्वतःच्या छातीशी धरून, कापडात गुंडाळून हळूहळू गरम करा, मंग दूध. अन् गायीचं दूध कुत्रीच्या दुधापेक्षा लय पातळ, त्यात साखर जास्त, त्यानं हगवण लागते, पिल्लांची दूध पावडर वेगळी भेटते ती एक डबा आधीच आणून ठेवा. पाजताना पोटावर ठेवून पाजा, माणसाच्या लेकरासारखं उताणं नाही, दूध फुप्फुसात जाते. नाळेला पोव्हिडोन आयोडीन लावा, मुंग्या येणार नाहीत अशी पेटी ठेवा, पेटीच्या पायाखाली पाण्याच्या वाट्या.

आईकडं पण लक्ष. व्याल्यावर दोन-तीन आठवड्यांत ती एकदम धापा टाकू लागली, पाय ताठ, अंग थरथर, तं समजा अंगातलं कॅल्शियम एकदम कमी पडलं, पिल्लं लगेच बाजूला अन् डॉक्टर, यात सकाळची वाट पाहायची नसते. गाभण असताना आपल्या मनानं कॅल्शियम पाजलं तं हा त्रास उलट वाढते.

गोचीड अन् फवारणीची औषधं

गोठा जवळ असला का गोचीड येणारच, लहान पिल्लाच्या अंगावर वीस-पंचवीस गोचीड म्हणजे रक्ताचा प्रश्न, वरून ताप. हातानं, चिमट्यानं मुळाशी धरून काढा, रॉकेलच्या डब्यात टाका. पण जनावराला लावायचं किंवा पऱ्हाटीवर फवारायचं औषध पिल्लाला लावू नका. 2017 मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता धडधाकट शेतकरी विषबाधेनं गेले, तिथं अर्ध्या किलोचं पिल्लू काय टिकेल? बाजारात तान्ह्या पिल्लालाही चालणारे स्प्रे आहेत, डॉक्टर वजनावर सांगतील. फवारणीहून आल्यावर आंघोळ झाल्याशिवाय पिल्लं घ्यायची नाहीत, अन् औषधाचे रिकामे डबे पिल्लांना पाणी द्यायला वापरायचे नाहीत. उंदरासाठी ठेवलेलं विष पण काढून टाका, त्याऐवजी सापळा लावा, कारण उंदीर तं पकडलेच पाहिजेत, त्यांच्या मुतातून लेप्टो येते अन् पावसाळ्यात तो आपल्यालाही होते.

केव्हा पळायचं

पिल्लू दूध सोडून कोपऱ्यात बसलं, उलटी झाली, संडास पातळ अन् उग्र वासाचं, त्यात रक्त, हे पार्वो समजूनच चाला. त्याला लगेच वेगळं करा, बाकीची पिल्लं पण डॉक्टरला दाखवा. पार्वो मारायचं औषध नाही, अंगातलं पाणी टिकवून ठेवायचं अन् पिल्लू स्वतः लढेपर्यंत धकवायचं असते, म्हणून सलाईन शिरेतून लागते. उलट्या चालू असताना तोंडानं ओआरएस पाजत बसलं तं ते बाहेरच येते. उपचाराशिवाय बहुतेक मरतात, वेळेवर सलाईन लागलं तं बरीच वाचतात, म्हणून इथं एक रात्र पण मोठी आहे. घरातली पॅरासिटामॉल, ब्रुफेन चुकूनही देऊ नका. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सलाईन लावायची सोय आहे का हे आधीच विचारून ठेवा, नसेल तं नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय अन् अकोल्याची पदव्युत्तर पशुवैद्यक संस्था इथं जनावरांचे दवाखाने आहेत, रात्री गाडी कोण काढेल ते पण ठरवून ठेवा.

देताना

2017 च्या ब्रीडिंगच्या केंद्रीय नियमांनुसार पिल्लं विकणाऱ्याला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी लागते अन् आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. गिऱ्हाईक महिन्याचं मागते, "लहानपणी नेलं का लळा लागते" म्हणते, त्याचं ऐकू नका, त्या वयात लस पण झालेली नसते.

कार्ड सोबत द्या, त्यावर जंताच्या डोसच्या तारखा, लसीचं स्टिकर, पुढची तारीख. आतापर्यंत जे खात होतं ते चार-पाच दिवसांचं बांधून द्या, एकदम बदललं का जुलाब लागतात अन् मंग पार्वो का खाणं हे कळत नाही. एसटी स्टँडवर, धाब्यावर पिल्लू खाली सोडायचं नाही, मांडीवर जुन्या टॉवेलवरच मुतलं तरी चालते, हे दोनदा सांगा. अन् आठवड्याच्या आत पिल्लू आजारी पडलं तं मला फोन करा असं स्वतःहून सांगा, पैसे परत मागतील या भीतीनं लोक नंबर बंद करून ठेवतात, पण आठवड्याच्या आत निघालेला पार्वो बहुतेक तुमच्याच घरून गेलेला असते, अन् तो फोन आला तं मागं राहिलेल्या पिल्लांना दवाखान्यात न्यायला तुम्हाला वेळ भेटते.